थँक्सगिव्हिंगची सकाळ: टीव्हीवरची परेड की स्वयंपाकघरातला कोपरा?
नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, अमेरिकेतल्या घरोघरी टर्की हा मोठा पक्षी भाजायला तीन-चार तास ओव्हनमध्ये असते आणि नेमके तेव्हाच दोन-तीन वर्षांचे मूल पायांत घुटमळत असते.

त्याला टीव्हीवर न्यूयॉर्कच्या मेसीज परेडसमोर (मेसीज या मोठ्या दुकानाच्या मिरवणुकीसमोर) बसवणे सर्वांत सोपे. १९२४ पासून निघणाऱ्या या मिरवणुकीतले महाकाय फुगे पाहून मुले खरोखरच हरखतात. मात्र दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी तासाभराहून अधिक वेळ पडद्यासमोर बसून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि परेड त्याहून बरीच लांबते.

स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात पसारा नक्कीच होतो, पण मूल रमते जास्त. जमिनीवर जुनी चादर अंथरून उकडून गार केलेले बटाटे लाकडी चमच्याने कुस्करायला द्यावेत. फरसबीच्या शेंगा मोडण्याचे काम तर इतके आवडते, की प्रत्येक शेंगेच्या ‘कट्’ आवाजाला मूल मान वर करून कौतुकाची वाट पाहते. कच्ची टर्की, ओव्हनचे दार, सुकामेवा आणि अख्खी द्राक्षे यांपासून मात्र त्याला कटाक्षाने दूर ठेवावे, कारण सुकामेवा आणि द्राक्षे या वयात घशात अडकतात.

लक्ष ठेवायला आजी-आजोबा किंवा दुसरे कोणी मोठे माणूस असेल, तर मी निःसंशय कोपराच निवडेन. एकट्याने तापलेला ट्रे बाहेर काढायचा असेल, तेव्हा मात्र दहा मिनिटांची परेडच अधिक सुरक्षित.