जुनी डिझेल पिकअप: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या टोमॅटो हंगामाच्या तोंडावर २०१८ची बीएस-४ (आधीच्या प्रदूषण नियमांची) डिझेल पिकअप घेतली. मीटरवर तेव्हा १ लाख ४१ हजार किलोमीटर होते, आज १ लाख ६४ हजार आहेत. रोज शेत ते पिंपळगाव बसवंत मार्केट, हंगामात आठवड्याला एक वाशीची खेप आणि अधूनमधून गावातलं भाडं, एवढं काम तिने केलंय.

बीएस-४ मुद्दाम शोधली. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला लांबचं, तापलेलं रनिंग लागतं. आमचं बरंचसं रनिंग पंधरा-वीस किलोमीटरचं, त्यात तो फिल्टर चोंदायची भीती.

इंजिनाबद्दल बोलायचं तर मी खूश आहे. ६५ क्रेट, म्हणजे तेराशे किलो माल भरून शेतातून बांधावर चढताना ॲक्सिलरेटर फार दाबावा लागत नाही, कमी आरपीएमलाच ताकद मिळते. भरल्या गाडीला बारा-साडेबाराचं ॲव्हरेज पडतं, रिकामीला पंधरा. कसारा घाटात भरली गाडी उतरवताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच निम्मं ब्रेकचं काम करतं. आमच्याकडे बरेच जण डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात. ते कृपया करू नका. कॉमन रेल इंजिनात (ज्यात डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो) गिअर असताना पाय काढला की डिझेल जाणं तसंही बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला जळतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचं, कारण ब्रेक दाबायला मदत करणारा व्हॅक्यूम संपला की ब्रेक पेडल दगडासारखं होतं.

खर्च आला तो खालच्या बाजूला. आधीच्या मालकाने गाडी ओव्हरलोड चालवली होती आणि मला ते उशिरा कळलं. दुसऱ्या महिन्यात मागच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटला. गाडी जॅकवर घेतल्यावर मेस्त्रीने चासीवर नखाने खरवडलं तर नव्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगची जुनी शिवण निघाली. पाटे, बुश आणि चासीचं काम मिळून २२ हजार गेले. पाठोपाठ क्लचप्लेट. घेताना मी इंजिनाचा आवाज तासभर ऐकला, पण खाली वाकून पाच मिनिटं पाहिलं नाही.

जानेवारीत सकाळी स्टार्टिंगला त्रास द्यायला लागली. मेस्त्रीने चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (जादा डिझेल परत जाण्याच्या वाटेला) सलाइनच्या नळ्या लावून खाली चार बाटल्या धरल्या आणि इंजिन चालू ठेवलं. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल, चौथी अर्ध्याच्या वर. चौथा इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतोय हा दोष डोळ्यांनी दिसला, एकच इंजेक्टर करून घेतला, काम भागलं. चारही बदलायला सांगणाऱ्यांकडे आधी ही तपासणी मागा.

काळ्या मातीत पावसाळ्यात मात्र रिकामी पिकअप अगदी हतबल. मागे वजन नाही आणि ओढणारी चाकं मागचीच, त्यामुळे जागेवर फिरतात. मी आता हौद्यात मागच्या ॲक्सलवर मातीच्या सहा गोण्या ठेवतो. रिकाम्या गाडीचे हादरे तर इतके, की खराब रस्त्याने पन्नास किलोमीटर गेलं की कंबर धरते.

बघायला जाल तर सकाळी लवकर जा आणि "मी येईपर्यंत चालू करू नका" असं फोनवर सांगून जा. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा, थंड इंजिनाचं स्टार्टिंग त्यांना दाखवायचं नाहीये. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर फसफसत येत असेल तर रिंगा-पिस्टन गेलेत, बोअरकामाचे पैसे किमतीतून आधीच वजा करा. सायलेन्सरचा निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. बँकेचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि ई-चलन बाकी आहे का, हे टोकन देण्याआधी बघा. माझ्या गळ्यात आधीच्यांची चार चलनं पडली.

आठ वर्षं झाली की मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं. माझ्या गाडीची ती वेळ आलीय. त्याआधी मागचे दोन टायर टाकायचेत आणि चासीची ती शिवण पुन्हा एकदा खाली झोपून बघायचीय.