चादरी भारी, अ‍ॅप मात्र मुकं

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानाचं अ‍ॅप आठवडाभर वापरलं, पुण्याच्या मावशीला जेकार्ड (विणीतच नक्षी असलेल्या) चादरी पाठवायच्या होत्या म्हणून. फोटो मस्त, झूम केलं की वीण अगदी धाग्यापर्यंत दिसते आणि रंग बदलला की चादर लगेच त्या रंगात दिसते, हे मला लई आवडलं. पण 'ऑर्डर करा' दाबलं की काहीच होत नाही, ना बटणाचा रंग बदलतो ना चक्र फिरतं, आईनं तीनदा दाबलं आणि तीन ऑर्डरी गेल्या!! अ‍ॅप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी 1993 मध्येच सांगून ठेवलंय की 0.1 सेकंदात उत्तर आलं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचारांची तंद्री टिकते, 10 सेकंदांपुढं लक्षच उडतं. इथं 6-7 सेकंद नुसती शांतता. दुकानात काउंटरवरचे काका निदान मान तरी हलवतात ना, बटणानं तेवढं तरी करावं.

कॅन्सलचं बटण पण इवलंसं, अँड्रॉइडवर 48 डीपी (स्क्रीनवरच्या आकाराचं माप) तरी पाहिजे, आईचं बोट बाजूलाच पडतं. फोनवर मात्र दोन जादा ऑर्डरी लगेच रद्द करून दिल्या, माणसं चांगली आहेत. चादरीला 5 स्टार, अ‍ॅपला सध्या 2.