जुन्या टॉकीजात ‘श्यामची आई’

रत्नागिरीतल्या आमच्या जुन्या टॉकीजच्या वर्धापनदिनानिमित्त आठवडाभर जुने मराठी सिनेमे लागलेत. काल आईला घेऊन ‘श्यामची आई’ला गेले. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. साने गुरुजींचं पालगड आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून बघताना घरचंच वाटतं. ‘भरजरी गं पितांबर’ सुरू झालं आणि आई हळूच गुणगुणायला लागली. मागच्या रांगेतल्या आजीही. बाहेर धो धो पाऊस, आत अख्खं थिएटर गप्प. मला भरूनच आलं.

लाकडी खुर्च्या पाठीला टोचतात, छोटी उशी न्या. मागे आवाज कमी येतो, मधल्या रांगा धरा. मध्यंतरातला बटाटेवडा गरमागरम. मुलांना नक्की न्या. आम्ही रविवारी परत जातोय.