वसाहतोत्तर सिद्धांताची शिकवणी : आठ रविवारांनंतरचे मत

सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी असलेल्या सेट परीक्षेच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी शिकवणीत वसाहतोत्तर सिद्धांतावर, म्हणजे वसाहतवादी सत्तेचा संस्कृतीवर आणि ज्ञानावर झालेला परिणाम तपासणाऱ्या विचारावर, आठ रविवारांचा स्वतंत्र वर्ग घेतला जातो. जालन्याहून दर रविवारी पहाटेची एसटी पकडून मी तो पूर्ण केला.

या विषयाचा आरंभ बहुतेक ठिकाणी एडवर्ड सईद यांच्या १९७८ सालच्या ‘ओरिएंटॅलिझम’पासून सांगितला जातो. येथील सरांनी मात्र पहिले दोन रविवार त्याआधीच्या काळाला दिले, आणि या वर्गाची खरी कमाई तीच आहे. कॅरिबियनमधील मार्टिनिक या फ्रेंच अमलाखालील बेटावरचे कवी एमे सेझेर यांचा १९५० मधील वसाहतवादावरील निबंध आणि त्याच बेटावर जन्मलेल्या फ्रान्झ फॅनन यांचे लेखन त्यांनी उतारे वाचून शिकवले. फ्रेंच सत्तेविरुद्ध स्वातंत्र्यलढा चाललेल्या अल्जीरियात मनोविकारतज्ज्ञ म्हणून फॅनन यांनी तपासलेले रुग्ण त्यांच्या १९६१ च्या पुस्तकात भेटतात, तेव्हा हा विचार विद्यापीठात पोहोचण्याआधी लढ्यात आणि दवाखान्यात घडत होता, हे ध्यानात येते. पूर्वेविषयीचे पाश्चात्त्य ज्ञान सत्तेच्या कामी कसे आले, हे सईद यांचे प्रतिपादन त्यानंतर सहज उलगडते.

पुढे मात्र घाई झाली. साहित्य-सिद्धांतकार होमी भाभा (अणुशास्त्रज्ञ नव्हेत) यांच्यासाठी केवळ झेरॉक्स नोट्स मिळाल्या, तर रणजित गुहा यांनी १९८२ पासून संपादित केलेले ‘सबाल्टर्न स्टडीज’चे, म्हणजे तळागाळातील लोकांच्या इतिहासाचे, खंड आणि गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा ‘कॅन द सबाल्टर्न स्पीक?’ हा १९८८ चा निबंध एकाच तासात उरकले गेले. स्पिवाक यांच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली असतील.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. भाषा आणि सत्ता यांचे नाते सांगताना प्रत्येक वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार करणारे मेकॉलेचे १८३५ चे टिपण पुढे केले गेले. मराठवाडा तर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथील कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. निजामावर इंग्रजांचे अधिराज्य आणि आमच्या आजोबांवर निजामाचा अंमल, अशा दुहेरी सत्तेला हा सिद्धांत कितपत लागू पडतो, असे मी विचारले. ‘हे परीक्षेला येत नाही,’ एवढेच उत्तर मिळाले.

परीक्षेपुरती गरज असलेल्यांनी हा वर्ग अवश्य लावावा. सेझेर आणि फॅनन यांच्यासाठी तर मी पुन्हाही बसेन. स्पिवाक यांचा निबंध मात्र मूळातून वाचून जावा, कारण नोट्समध्ये त्याचा निष्कर्ष तेवढा आहे, युक्तिवाद नाही.