‘गिव्ह अप’: टपालाने ये-जा करत झालेला अल्बम

रॉक बँडमधली मंडळी इलेक्ट्रॉनिक पॉपकडे वळली की बहुतेकदा दोनपैकी एक घोटाळा होतो. जुन्याच चालींना ड्रम मशीनचं झबलं चढवलं जातं, नाहीतर गाणं राहतं बाजूला आणि तासभर नवीन आवाजांचं प्रदर्शन चालतं. द पोस्टल सर्व्हिस या अमेरिकन बँडचा, सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने २००३ साली काढलेला ‘गिव्ह अप’ या दोन्हींतून बऱ्यापैकी सुटला, आणि याचं श्रेय तो ज्या अडचणीच्या पद्धतीने झाला तिला द्यावं लागेल.

बेन गिबर्ड हा डेथ कॅब फॉर क्युटी या रॉक बँडचा गायक आणि गिटारवादक, राहायला सिअ‍ॅटलला. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसचा, मुळातच इलेक्ट्रॉनिक संगीतातला. २००१ साली टॅम्बोरेलोच्या अल्बमवर गिबर्ड एका गाण्यापुरता पाहुणा होता, तिथून हे सूत जमलं. टॅम्बोरेलो वाद्यांचा ट्रॅक तयार करून टपालात टाकायचा. गिबर्ड त्यात काटछाट करायचा, चाल आणि शब्द बसवायचा, गाऊन परत पाठवायचा. बँडचं नाव त्यावरूनच पडलं. राइलो काइली या बँडची जेनी लुईस आणि गायिका जेन वुड यांचेही आवाज आहेत; डेथ कॅबच्या क्रिस वॉलाचाही हात लागला आहे.

या पद्धतीत समोरासमोर बसून ‘इथे जरा थांब, मला गायचंय’ असं सांगायची सोय नसते. म्हणून ट्रॅकमध्ये जागा आधीच सोडावी लागते. ‘सच ग्रेट हाइट्स’ची सुरुवात ऐका. एक बारीक टिकटिकणारा सूर डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे उड्या मारत राहतो. मग ठेका येतो, मिनिटाला साधारण १७५ मात्रांचा, म्हणजे चांगलाच पळता. गिबर्ड मात्र त्याच्यामागे धावत नाही. तो निम्म्या लयीत, शब्द लांबवत, घाई नसल्यासारखा गातो. द्रुत तबल्यावर संथ बंदिश ठेवावी तसा प्रकार. टाळी द्यायची झाली तर दोन मात्रांना एक द्या. प्रत्येक मात्रेवर द्यायला गेलात तर हात दुखतील आणि गाण्याचा संथपणाही निसटेल.

पहिलं गाणं, ‘द डिस्ट्रिक्ट स्लीप्स अलोन टुनाइट’, याहून सरस आहे असं आमचं मत. अर्धं गाणं जवळजवळ रिकामं जातं: धरून ठेवलेला एक सूर, हलका ठेका, आवाज. मग मध्यावर ठेका अचानक दाट होतो आणि वॉशिंग्टनमध्ये जुन्या प्रेयसीकडे गेलेल्या त्या गायकाला आपण इथे परके आहोत हे कळतं. ‘नथिंग बेटर’मध्ये पुरुष गयावया करतो, आणि जेन वुड दुसऱ्या कडव्यापासून त्याचा हिशेब मांडते. द्वंद्वगीत असलं तरी दोघांचं एकमत कुठेच होत नाही. ‘वुई विल बिकम सिल्हूट्स’ अणुयुद्धानंतरच्या जगाबद्दल आहे, पण चाल सहलीला निघाल्यासारखी. हा विरोध मुद्दाम ठेवलाय आणि तो फळतो.

आता खोट. ‘स्लीपिंग इन’ची कल्पना चांगली, पण ती एका कडव्यात संपते आणि गाणं पुढे चालूच राहतं. ‘क्लार्क गेबल’चे शब्द फारच हुशार व्हायला बघतात. शेवटचं ‘नॅचरल अँथम’ पाच मिनिटांचं. त्यातला बराचसा वेळ खडखडाट आणि आवाज अगदी शेवटी येतो. टपालाच्या पद्धतीचा तोटा इथे दिसतो. ट्रॅकने गायकाला जागाच ठेवली नाही, आणि त्यानेही ती मागून घेतली नाही.

ऐकताना एक काळजी घ्या. फोनच्या किंवा स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर डावं-उजवं जवळपास एकच होतं. ‘सच ग्रेट हाइट्स’मधल्या त्या उड्या तिथे नुसती टिकटिक वाटतात. लोकलमध्ये एकच इअरफोन कानात घालून ऐकणाऱ्यांना तर निम्माच सूर मिळेल. हेडफोन साधे चालतील, पण दोन्ही कानांना हवेत. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू नाही ना, तेही बघा. ते चालू राहिलं की महागडे हेडफोनही फुकट.

विनाइलची तबकडी घेणाऱ्यांसाठी: दहा गाणी, पंचेचाळीस मिनिटं. एकाच तबकडीवर घेतलं तर एका बाजूला बावीस-तेवीस मिनिटं येतात, म्हणजे जेमतेम बसतात. तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेऱ्याच फिरते, पण मध्याजवळच्या खाचेत सुई खालून जाणारं अंतर काठाच्या मानाने निम्म्याहून कमी असतं. वरचे तीव्र सूर तिथेच फाटतात. नेमका सगळ्यात गोंगाटाचा ‘नॅचरल अँथम’ दुसऱ्या बाजूच्या शेवटी, म्हणजे त्याच जागी. तुमच्याकडे तो चरचरला तर लगेच सुईला दोष देऊ नका. आधी त्याच बाजूचं पहिलं गाणं लावून बघा. तेही चरचरलं तर मात्र सुई साफ करा किंवा बदला.

अशा पद्धतीने दोन गावांत बसून गाणी करणारे आज पुष्कळ आहेत. त्यांची ठरलेली चूक म्हणजे सँपल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं फाइलमध्ये साठवली जातात तो आकडा. एकाने ४४.१ किलोहर्ट्झवर केलेली फाइल दुसऱ्याच्या ४८ च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता वाजली की लय जवळपास नऊ टक्क्यांनी वाढते आणि सूर दीड पट्टी वर जातो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लटकतं, आणि गायकाला वाटतं आपलाच गळा बिघडला. दुसरी चूक, तयार मिक्स, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र केलेली एकच फाइल, पाठवायची. ठेका, बास, सिंथसायझर वेगवेगळ्या फाइलींत द्या, सगळ्या एकाच शून्यापासून सुरू होणाऱ्या, आणि मात्रांचा आकडा नावातच लिहा. गिबर्डसारखी काटछाट मिक्सवर करता येत नाही. ठेका कापायला जावं तर बासही जातो.

नावापायी भानगडही झाली. २००३ मध्येच अमेरिकेच्या टपाल खात्याने नोटीस धाडली, की हे नाव आमचं आहे. प्रकरण मिटलं ते मजेशीर अटींवर: नाव फुकट वापरा, पण टपालाचा प्रचार करा, खात्याच्या अधिकाऱ्यांच्या परिषदेत वाजवा, आणि अल्बम आम्ही आमच्या संकेतस्थळावर विकू. पुढे ‘सच ग्रेट हाइट्स’ जाहिरातीत वाजलं ते यूपीएस या कुरियर कंपनीच्या, म्हणजे टपाल खात्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या. अमेरिकेत अल्बमचा खप दहा लाखांवर गेला. सब पॉपच्या खपाच्या यादीत त्याच्या पुढे निर्वाणा या बँडचा ‘ब्लीच’ तेवढा आहे. दुसरा अल्बम मात्र आलाच नाही.

२०१३ साली दहा वर्षं झाली म्हणून जोडभागासकट आवृत्ती निघाली. त्यात ‘टर्न अराउंड’ आणि ‘अ टॅटर्ड लाइन ऑफ स्ट्रिंग’ ही दोन न ऐकलेली गाणी आहेत; दुसरं मूळ अल्बममध्ये ‘स्लीपिंग इन’च्या जागी सहज चाललं असतं. बाकी रीमिक्स, यांनी गायलेली दुसऱ्यांची गाणी आणि दुसऱ्यांनी गायलेली यांची. आयर्न अँड वाइन या नावाने गाणाऱ्या गायकाने फक्त गिटारवर म्हटलेलं ‘सच ग्रेट हाइट्स’ त्यात आहे, आणि यंत्रं काढून घेतल्यावरही चाल उभी राहते का हे तपासायला ते एकदा ऐकाच. राहते. एवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. जोडभाग ऑनलाइन ऐका आणि तबकडी साधी घ्या.