क्रीम रंगाच्या ट्रॉल्या: ओट्यामागे कोणती टाइल, भिंतीला कोणता रंग?

किचन ट्रॉल्या क्रीम रंगाच्या करायच्या, हे बहुतेक घरांत पटकन ठरतं. खोली उजळ दिसते, पांढऱ्यावर दिसतो तसा प्रत्येक ओघळ डोळ्यांत भरत नाही आणि घरातल्या थोरामोठ्यांनाही रंग पसंत पडतो. गाडी अडते ती टाइलच्या दुकानात. ‘क्रीमसोबत काहीही चालतं,’ असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. पुष्कळ रंग चालतात हे खरं, पण शुभ्र पांढरा आणि निळसर राखाडी, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त मागणी असते तेच दोन, क्रीमला मळकट करून टाकतात.

निवड करण्याआधी एक काम करा. दिवसाउजेडी ट्रॉलीच्या शटरवर, म्हणजे दर्शनी फळीवर, कोरा पांढरा कागद धरा. कागदाशेजारी काही क्रीम लोण्यासारखे पिवळसर दिसतात, काही बदामी-गुलाबीसर, तर काही किंचित करडे. लॅमिनेटच्या कॅटलॉगमध्ये नाव आयव्हरी असो, व्हॅनिला असो की ऑफ-व्हाइट, कागदाशेजारी जे दिसेल ते खरं. पुढची सगळी तुलना या झुकावावर उभी आहे.

शुभ्र पांढरी की क्रीमवर क्रीम?

पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईचा विभाग सांभाळणाऱ्या मिशेल शेव्रल या रसायनतज्ज्ञाकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. त्याने तपासलं तेव्हा रंगात खोट निघाली नाही. शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे काळा फिका भासत होता. शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांमधला फरक वाढवून दाखवतात, हा नियम त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. तुमच्या ओट्यावर नेमकं हेच होतं. शुभ्र चकचकीत टाइल लावली की तिच्या वरचं आणि खालचं क्रीम आहे त्याहून पिवळं दिसतं आणि कालच बसवलेल्या ट्रॉल्या जुन्या वाटू लागतात. पांढरंच हवं असेल तर दुधाळ, किंचित उबदार पांढरी टाइल घ्या, आणि ती शटरला टेकवून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

मग शटरच्याच रंगाची टाइल? ऐकायला सोपं, जुळवायला अवघड. लॅमिनेट आणि टाइल हे वेगळे माल आहेत. दुकानातल्या दिव्याखाली अगदी एक दिसलेले दोन रंग घरातल्या उजेडात फटकून पडू शकतात. आणि थोडक्यात हुकलेला रंग पूर्ण वेगळ्या रंगापेक्षा जास्त खटकतो. क्रीमवर क्रीम करायचंच असेल तर पोत बदला: शटर मॅट असेल तर टाइल हाताने घडवल्यासारखी, लहरी पृष्ठभागाची, चमकदार घ्या. म्हणजे रंगातला थोडा फरक मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो.

राखाडी की बेज?

सिमेंटसारखी राखाडी टाइल नव्या फ्लॅट्समध्ये खूप दिसते. पांढऱ्या किंवा लाकडी शटरसोबत ती शोभते. पिवळसर क्रीमसोबत मात्र निळसर राखाडी नकोच, कारण निळ्याजवळ पिवळेपणा आणखी उठून येतो. शटर करड्या झुकावाचं असेल, तर तपकिरीकडे वळणारा राखाडी चालून जातो.

बेज, गव्हाळ, वाळूच्या रंगाची दगडी पोताची टाइल हा सुरक्षित पर्याय. शटरपेक्षा दोन-तीन छटा गडद घ्या, एखादीच छटा नको. अडचण एकच: जमिनीला बिल्डरने बसवलेली आयव्हरी व्हिट्रिफाइड फरशी असेल आणि ओटाही फिका असेल, तर अख्खी खोली एकसुरी होते. काळा ग्रॅनाइट असेल तर हा प्रश्न येत नाही.

शेवाळी, विटकरी की मोरपंखी?

माझं मत स्पष्टपणे शेवाळीला आहे. फिक्या, करडसर हिरव्यात पिवळ्याचा अंश असतोच, त्यामुळे क्रीमशी त्याचं नातं आधीच जुळलेलं असतं. तरीही तो एवढा वेगळा आहे की क्रीम ताजं आणि स्वच्छ दिसतं. पिवळसर क्रीमला तर यापेक्षा चांगला जोडीदार मला दिसत नाही. फक्त पोपटीकडे जाऊ नका.

बदामी-गुलाबीसर क्रीम असेल तर विटकरी, गेरूच्या जवळची टाइल पाहा. फळीवर पितळी डबे, तांब्याचे लोटे असतील त्या घरात ती फार शोभते. मात्र खोली अंधारी असेल किंवा ओटा टॅन ब्राउन ग्रॅनाइटचा असेल, तर लालसर तपकिरीवर पुन्हा लालसर असं होऊन सगळं जड वाटतं.

मोरपंखी आणि गडद निळा फोटोत देखणे दिसतात. रोजच्या वापरात बोअरचं पाणी येणाऱ्या इमारतींमध्ये सिंकमागच्या गडद चकचकीत टाइलवर क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात आणि फडकं हातातून सुटत नाही. म्युनिसिपालिटीचं गोडं पाणी असेल तर खुशाल घ्या. फळांच्या परड्या आणि चहाचे कप छापलेल्या टाइल टाळा. मोरोक्कन नक्षी आवडत असेल तर क्रीम पार्श्वभूमीची निवडा आणि फक्त शेगडीमागच्या चौकटीत लावा.

रंगीत टाइलला बिचकणाऱ्यांसाठी एक हिशोब. दहा फुटी ओटा आणि वरच्या कपाटापर्यंत दोन फूट उंची धरली तर डॅडो, म्हणजे ओट्यामागची टाइलची पट्टी, भरतो २० चौरस फूट. १२ बाय २४ इंचांची एक टाइल दोन चौरस फुटांची, म्हणजे १० टाइल आणि कापाकापी-फुटीसाठी एक-दोन जादा. एवढ्याशा पट्ट्यात रंग अंगावर येत नाही, आणि थोडी महाग टाइल घेतली तरी एकूण खर्चात फार फरक पडत नाही.

ओट्याचा दगड हा निकाल फिरवू शकतो. काळा ग्रॅनाइट आणि क्रीम यांच्यात आधीच टोकाचा फरक असतो. मधल्या पट्टीला शेवाळी किंवा बेज असा मधला रंग दिला की नजर सहज खालून वर जाते. टॅन ब्राउनला बेज किंवा हिरवट बरं. पांढरा क्वार्ट्झ असेल तर शुभ्र पांढरं क्रीमशेजारी येऊन बसलंच आहे, तिथे बेज टाइलच दोघांना सांधते.

सांधे आणि हळद

रंगावर आठवडे घालवून ग्राउट, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरायचं मिश्रण, मात्र मिस्त्रीवर सोडलं जातं, आणि आपल्या स्वयंपाकघरात पहिला डाग तिथेच पडतो. सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं. फोडणीचे तेलकट, हळदीचे शिंतोडे ते शोषून घेतं. साबणाने घासलं तर हळद आधी लालसर होते, कारण तिच्यातलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. ऊन पडलं तर ते विटतं, पण शेगडीमागे ऊन कुठून येणार? म्हणून निदान डॅडोला तरी इपॉक्सी ग्राउटच घ्या. ते महाग पडतं आणि भरणाराही सराईत लागतो, पण डाग धरत नाही. रंग टाइलपेक्षा एक छटा गडद ठेवा. क्रीम टाइलमध्ये पांढरे सांधे भरले, तर शुभ्र पांढऱ्याचा दोष सांध्यांमधून परत येतो. छोट्या सबवे टाइलना सांधे जास्त, म्हणून पुसणंही जास्त. रोज दोन वेळा फोडणी होत असेल तर मोठी टाइल बरी.

भिंत

टाइल वर्षानुवर्षं राहते, रंग चार-पाच वर्षांनी बदलता येतो. म्हणून भिंत शेवटी. शिवाय स्वयंपाकघरात मोकळी भिंत असते तरी किती? फ्रिजमागची, दाराभोवतीची आणि लॉफ्टच्या वरची पट्टी, एवढीच. देवघर तिथेच असेल तर त्यामागची भिंतही धरा. सागवानी देव्हारा उबदार रंगावर खुलतो.

टाइल शेवाळी, विटकरी अशी बोलकी असेल तर भिंत शांत ठेवा: क्रीमपेक्षा फिका, उबदार ऑफ-व्हाइट. टाइल बेज असेल तर रंग भिंतीवर आणा: फिका पिस्ता, फिका अबोली किंवा मातकट गुलाबी. क्रीम ट्रॉल्यांशेजारी लिंबू पिवळी भिंत मला पटत नाही. उजेड वाढेल या आशेने ती निवडतात, पण क्रीमची ओळखच तिच्यात विरघळते. फिका आकाशी फक्त करड्या झुकावाच्या क्रीमसोबत. छताला मात्र पांढरा राहू द्या, तो शटरला लागून नसल्याने त्रास देत नाही. रंगाचा प्रकार धुता येईल असा सॅटिन इमल्शन घ्या, डिस्टेंपर नको. वाफ आणि तेल यांच्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही.

दिवाही आधीच ठरवा. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या ट्यूबखाली क्रीम फिकट आणि आजारी दिसतं, २७०० च्या पिवळ्या दिव्याखाली जास्तच पिवळं. ४००० केल्विन मधला आणि कामालाही बरा. खिडकी ड्राय बाल्कनीत उघडत असेल तर दिवसाही दिवाच लागतो. अशा घरात टाइलचा नमुना त्या दिव्याखालीच पाहायला हवा.

टाइल घेताना सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे ना, ते दुकानातच पाहून घ्या. टाइल बसून ग्राउट वाळलं की निवडलेल्या दोन रंगांचे दोन-दोन फुटांचे चौकोन फ्रिजमागच्या भिंतीवर लावून घ्या आणि सकाळी, दुपारी व रात्री दिव्यात पाहा. सकाळी आवडलेला रंग रात्री खटकत असेल तर रात्रीचं मत धरा. घरातली सगळी माणसं स्वयंपाकघरात एकत्र येतात ती बहुधा तेव्हाच.