बेडवर ठेवायचा घडीचा टेबल: गुडघ्याच्या ब्लीडसाठी घेतला, पाचपैकी साडेतीन

आधीच सांगते, लॅपटॉपसाठी नाही घेतला. लेकाला हिमोफिलिया ए आहे (रक्त नीट गोठत नाही असा आजार), सिव्हिअर, वय वर्षं ७, आणि गुडघ्यात ब्लीड झालं, म्हणजे सांध्याच्या आत रक्त साचलं, की फॅक्टर ८ (रक्त गोठायला लागणारा, त्याच्यात नसलेला घटक) देऊन झालं तरी पुढचे काही दिवस पायावर भार द्यायचा नाही. पहिले दोन दिवस दुखतंय म्हणून पडून राहतो बिचारा. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी, दुखणं थांबलेलं, सूज जरा उतरलेली, साहेबांना वाटतं झालो बरा आणि टुणकन उठून खिडकीपर्यंत! मागच्या वेळी अशानेच त्याच गुडघ्यात परत रक्त साचलं होतं, तेव्हापासून कानाला खडा.

मोबाइल दिला की गप्प बसतो हे खरंय, पण बसतो कसा ते बघा, कुशीवर वळून, गुडघा पोटाशी घेऊन. दुखरा गुडघा मुलं तशीही वाकवूनच ठेवतात आणि तासन् तास तसाच राहिला की मग सरळ करताना रडारड. टेबल समोर असला की पाठीला तक्का लावून नीट बसतो, पाय जेवढा आरामात लांब होईल तेवढा होतो, मला सारखं ओरडावं लागत नाही. माझ्या मते साडेतीनमधले तीन मार्क याचेच.

आता रडगाणं. पाय वर ठेवायचा म्हणजे खाली उशी आली, वर टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी आली, या सगळ्याच्या वर टेबल बसायला हवा ना? नाही बसत. उंची कमी पडते, पिशवीला घासतो. शेवटी आम्ही टेबल मांडीच्या बाजूला सरकवून पायाखालच्या उशीपासून लांब ठेवला, चालतंय. पण तुम्ही घेणार असाल तर उंची कमीजास्त होणाराच घ्या आणि आधी उशीसकट पायाची उंची मोजा, मी नाही मोजली. दुसरं म्हणजे कोपरे टोकदार आहेत, फोमच्या पट्ट्या चिकटवल्या. घडीचं लॉक पण कडक, बोट चिमटलं तर आमच्याकडे तो वेगळाच विषय होतो, त्यामुळे उघडणं-मिटणं फक्त मोठ्यांनी.

कडेला बोटभर उंच कठडा आहे, ही सगळ्यात भारी गोष्ट. जिगसॉचा तुकडा खाली पडला की तो उचलायला पोरगं वाकणारच, इथे पडतच नाही. बर्फ ठेवायची १५ मिनिटं आम्ही जिगसॉवरच मोजतो, टायमर वाजेपर्यंत किती तुकडे बसले ते, आधी दर मिनिटाला "झालं का" चालायचं. मॅग्नेटच्या टाइल्स पण छान बसतात, फक्त आतलं लोहचुंबक बाहेर येईल अशा फुटक्या टाइल्स टाकून द्या, गिळलं तर फार वाईट.

आणि एक गंमत. रोज टेपने गुडघ्याचा घेर मोजतो तो आकडा आता तोच लिहितो, दोन्ही गुडघ्यांचा, दोन रंगांत रेघा ओढून. लाल रेघ निळीपाशी यायला लागली की खूश, आणि एक दिवस घेर वाढला तर स्वतःच म्हणाला आई आज नको उठायला. कितीदा समजावलं होतं मी, ते एका कागदाने केलं.

कोपराच्या ब्लीडला मात्र टेबलचा निम्माच उपयोग. उजव्या हाताला आराम म्हणजे रंगवणं, माती मळणं सगळंच बंद, डाव्या हाताने पानं उलटता येतील म्हणून पुस्तकाला क्लिप लावायला गेले तर कठडा आडवा येतो, क्लिप बसतच नाही. अर्धा मार्क मी तिथेच कापला.